जुन्या स्टिरिओसाठी त्याच काळातले स्पीकर निवडताना

सांगली-मिरजेतल्या आणि साताऱ्यातल्या कित्येक घरांत १९७० आणि १९८०च्या दशकांतला स्टिरिओ अजून जपून ठेवलेला आढळतो. रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा बदलला आणि अ‍ॅम्प्लिफायरचे कंडेन्सर नवे घातले, की तो पुन्हा नीट वाजूही लागतो. मात्र त्याचे मूळ स्पीकर बहुधा फाटलेले, वाटणीत दुसरीकडे गेलेले किंवा पुरात भिजून टाकून दिलेले असतात आणि त्याच काळातली दुसरी जोडी शोधण्याची वेळ येते. अशा वेळी शोध सुरू होतो तो नावापासून. कुणी सांगितलेले एखादे परदेशी नाव मनात बसते आणि त्या नावाची जोडी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दिसली की ती उचलली जाते. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर काय छापले आहे ते वाचावे, मग खोली मोजावी, त्यानंतर समोर ठेवलेल्या जोडीची प्रकृती तपासावी आणि नावाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर

स्पीकरच्या तारा जिथे जोडल्या जातात, त्याच्या शेजारी ओहमचा, म्हणजे विद्युतविरोधाचा, आकडा छापलेला असतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तो बहुधा ‘८ ओहम’ किंवा ‘४ ते १६ ओहम’ असा असतो आणि त्यातला सर्वांत लहान आकडा ही खालची मर्यादा समजावी. स्पीकरचे ओहम जितके कमी, तितका तो अ‍ॅम्प्लिफायरकडून अधिक विद्युतप्रवाह ओढतो; जुने आउटपुट ट्रान्झिस्टर त्या ओढीने तापतात आणि मोठ्या आवाजात एखाद्या संध्याकाळी निकामी होतात. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्यांची सोय असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या, तर बहुतेक यंत्रांत त्या समांतर जोडल्या जातात आणि आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर मिळून चार ओहमचा भार होतो. अमेरिकेतल्या अ‍ॅकॉस्टिक रिसर्च (एआर) कंपनीचा एआर-३ए हा नावाजलेला स्पीकर मुळातच चार ओहमचा आहे. त्याच्या दोन जोड्या एकदम लावल्या तर भार दोन ओहमवर येतो आणि त्या काळातले फारच थोडे अ‍ॅम्प्लिफायर तो सोसू शकतात.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या, अ‍ॅम्प्लिफायरचे गणित वेगळे आहे. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि पुष्कळदा त्याला ४, ८ आणि १६ ओहमची स्वतंत्र टोके काढलेली असतात, त्यामुळे स्पीकरचा जो आकडा असेल त्याच्या सर्वांत जवळचे टोक वापरावे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, कारण भार नसताना ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब चढतो की त्याचे वेष्टन जळू शकते, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आज पुन्हा गुंडाळून घेणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्पीकरवर छापलेला आठ ओहम हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षातला विरोध स्वरागणिक बदलत राहतो. मल्टिमीटर लावला तर आठ ओहमचा चांगला स्पीकर साडेपाच ते सात ओहमच्या दरम्यान दाखवतो आणि चार ओहमचा साधारण तीन-साडेतीन, कारण मीटर फक्त कॉइलच्या, म्हणजे कोन हलवणाऱ्या वेटोळ्याच्या, तारेचा विरोध मोजतो. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली जोडी ‘ओहम कमी दाखवते’ म्हणून परत केली जाते. मीटर काहीच दाखवत नसेल तर मात्र कॉइल किंवा क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे पेटीतले मंडल) तुटलेला आहे.

वॅट आणि संवेदनशीलता

ओहम जुळल्यावर वॅटकडे यावे, पण सावधपणे. अमेरिकेत १९७४ साली घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून जाहीर करावी याचा नियम आला. त्याआधी ‘म्युझिक पॉवर’सारखे फुगवलेले आकडे सर्रास छापले जात, आणि पुढे आपल्याकडे टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणिक ताकदीचे फुगवलेले, शेकडो वॅट दिसू लागले. निवडीसाठी विचारात घ्यायचा तो फक्त आठ ओहमवरचा सततच्या ताकदीचा, ‘आरएमएस’ म्हणून छापलेला आकडा. मरँट्झ २२३० हा रिसीव्हर (रेडिओसह अ‍ॅम्प्लिफायर) दर बाजूला ३० वॅटचा, तर एनएडी ३०२० हा १९७८ सालचा साधासुधा दिसणारा अ‍ॅम्प्लिफायर दर बाजूला २० वॅटचा. दोन्ही यंत्रे घरी ऐकायला पुरेशी आहेत, मात्र स्पीकर त्यांना साजेसा हवा.

साजेसा म्हणजे काय, हे ठरते संवेदनशीलतेवरून. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. तीन डेसिबल वाढवायचे तर दुप्पट वॅट लागतात आणि दहा डेसिबल वाढवायचे तर दहापट. बीबीसीच्या रचनेवरून १९७०च्या दशकात बनू लागलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर ८३ डेसिबलच्या आसपासचा आहे; क्लिप्श कंपनीचा भोंग्याचा हेरेसी हा स्पीकर ९६च्या आसपास. दोघांत तेरा डेसिबलचा फरक आहे, म्हणजे हेरेसीला एका वॅटात जो आवाज मिळतो त्यासाठी एलएस३/५एला सुमारे वीस वॅट लागतात. शिवाय एलएस३/५एची आधीची आवृत्ती १५ ओहमची आहे. ट्रान्झिस्टरचा वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर त्याला जेमतेम निम्मी ताकद देऊ शकतो, तर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या १६ ओहमच्या टोकावर तोच स्पीकर अगदी घरचा वाटतो.

निवांत ऐकताना खोलीतला सरासरी आवाज ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास राहतो, पण तबल्याची कडक थाप त्याहून पंधरा-वीस डेसिबल वर उसळते. त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायर अपुरा पडला की थाप चपटी होते आणि ट्वीटरकडे, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या युनिटकडे, कर्कश विकृती जाते. ट्वीटर बरेचदा जळतात ते अशा लहान अ‍ॅम्प्लिफायरला शेवटच्या टोकापर्यंत ताणल्यामुळे, हे लक्षात ठेवावे. म्हणून दहा-पंधरा वॅटच्या यंत्राला ९० डेसिबल किंवा त्याहून अधिकचा स्पीकर घ्यावा. वीस ते चाळीस वॅट असतील तर ८७-८८ चालतो. त्याखालचे स्पीकर लहान खोलीसाठी किंवा ताकदवान अ‍ॅम्प्लिफायरसाठी ठेवावेत. जुन्या माहितीपत्रकातला आकडा वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी: मोजणी एका वॅटवर आहे की २.८३ व्होल्टवर. आठ ओहमला दोन्ही एकच आहेत, पण चार ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, आणि त्यामुळे त्याचा आकडा तीन डेसिबलने उजवा दिसतो.

खोली

विश्रामबागेतल्या स्लॅबच्या फ्लॅटमधली बारा बाय पंधरा फुटांची, फरशीची, उघड्या भिंतींची खोली आणि तासगाव-जतकडच्या जाड मातीच्या भिंतींचे माळवदाचे घर या दोन ठिकाणी एकच जोडी एकसारखी वाजणार नाही. पंधरा फूट लांबीच्या खोलीत साधारण ३८ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले खालचे स्वर भिंतींमध्ये फुगतात, आणि स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर ते आणखी फुगतात. अशा खोलीत मागे भोक असलेला मोठा स्पीकर घेतला की डग्ग्याचे घुमणे संपतच नाही. तिथे बंद पेटीचा स्पीकर बरा. १९५४ साली अमेरिकेतल्या अ‍ॅकॉस्टिक रिसर्च या कंपनीने बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारात खोल खर्ज मिळवून दाखवला, आणि त्या जातीचे स्पीकर भिंतीजवळ किंवा फळीवर ठेवले तरी बिघडत नाहीत. भोकाच्या पेटीला मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट जागा सोडावी लागते. ती जागा घरात मिळणार नसेल तर तसा स्पीकर घेऊच नये.

भोंग्याचे ट्वीटर असलेले स्पीकर उघड्या फरशीच्या खोलीत टोचतात. सतरंजी, भिंतीवरचा जाड पडदा आणि पुस्तकांचे उघडे कपाट यांनी पुष्कळ सुधारणा होते, पण या गोष्टी खोलीत आहेत का, हे खरेदीच्या आधी पाहिलेले बरे.

खर्जाच्या हव्यासाबद्दलही थोडे सांगायला हवे. आपल्याकडे ऐकले जाणारे संगीत प्रामुख्याने गायन, तंतुवाद्य आणि तबला यांचे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. जो स्पीकर ५० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरतो, तो या संगीतासाठी पूर्ण आहे. बारा इंची वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या युनिटच्या) मागे लागून आठ इंचांची नीट सांभाळलेली जोडी सोडून देऊ नये.

जोडी तपासताना

या कामासाठी वेळ हाताशी ठेवून जावे आणि सोबत विजेरी, मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, स्क्रू ड्रायव्हर आणि आपल्या कानाला पूर्ण परिचित असलेले ध्वनिमुद्रण न्यावे.

जाळी काढल्यावर पहिली नजर कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या कागदी शंकूच्या, कडेकडे जावी. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या असंख्य वूफरची कड पॉलियुरेथेन फोमची आहे, आणि हा फोम दमट हवेने पंधरा-वीस वर्षांत आपोआप कुजतो, स्पीकर वाजवला असो वा नसो. बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करावा. बोटाला चिकटले किंवा पिठासारखा चुरा आला तर ती कड गेलेली आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या धुक्यात पावसाळे काढलेल्या बंगल्यांतल्या जोड्यांत हे हटकून आढळते. रबराची कड अधिक टिकते, पण हाताला ती ताठ लागता कामा नये. लेप दिलेल्या कापडाची कड सर्वांत चिवट. केवळ फोम गेला म्हणून जोडी नाकारण्याचे कारण नाही, कारण फोम बदलता येतो. अट इतकीच, की नवी कड मूळ मापाची आणि मूळइतकीच मऊ असावी आणि ती चिकटवताना कॉइल चुंबकाच्या फटीत नेमकी मध्यावर राहील याची काळजी घेणारा कारागीर असावा. ताठ कड बसवली की वूफरचा खालचा स्वर वर सरकतो आणि पेटीशी असलेला त्याचा मेळ मोडतो.

त्यानंतर दोन्ही हातांच्या बोटांनी कोनच्या मध्याभोवती समान दाब देऊन तो सावकाश आत ढकलावा आणि कान जवळ न्यावा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासत आहे. मग तारांच्या टोकांना सेल क्षणभर लावावा. कोन पुढे उसळला तर सेलचे अधिक टोक ज्या तारेला लागले ती स्पीकरची अधिक तार. दोन्ही स्पीकरमध्ये हालचाल एकाच दिशेने व्हायला हवी. जेबीएलच्या अनेक जुन्या मॉडेलांत लाल टोकाला अधिक जोडल्यावर कोन आत जातो. तो दोष नव्हे, त्या कंपनीची तेव्हाची पद्धतच तशी होती.

सांगलीत खरेदी करणाऱ्याने याहून महत्त्वाची एक तपासणी करायची आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी शहरात शिरले आणि त्या पाण्यात उभे राहिलेले स्पीकर नंतर पुसून, पॉलिश करून विकले गेले. गावभागातल्या एका घरी पाहिलेली जोडी समोरून अगदी देखणी होती, लाकडी पापुद्र्यावर चकाकी होती आणि जाळीचे कापड नवे होते. पेटी आडवी करून पाहिल्यावर तळाच्या कडेला भुशाची फळी फुगून बोटभर जाड झालेली दिसली, आणि मागच्या भोकातून विजेरीचा झोत टाकल्यावर आतल्या कापसावर हाताच्या उंचीवर गाळाची सरळ, राखाडी रेघ दिसली. पेटी एकवेळ दुरुस्त होईल. पण नदीचा बारीक गाळ एकदा कॉइलच्या फटीत गेला आणि चुंबकाच्या पट्टीवर गंज धरला, की ते युनिट मूळ स्थितीत येत नाही. म्हणून पेटीचा तळ पाहावा, सर्वांत खालच्या स्क्रूंची डोकी पाहावीत, कोनच्या कागदावर पाण्याचे वलय आहे का पाहावे आणि भोकाशी नाक नेऊन कुबट वास येतो का तेही पाहावे. विकणाऱ्याने पेटी उलटी करू दिली नाही, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

वूफर उघडून पाहायची परवानगी मिळाली तर दोन्ही बाजूंचे युनिट एकाच घडणीचे आहेत ना, हे तपासावे. पुष्कळदा एका बाजूचा वूफर लाउडस्पीकरच्या कामासाठी मिळणाऱ्या जड कोनने रिकोन केलेला, म्हणजे मूळ कोन काढून नवा बसवलेला, असतो. तो वाजतो, पण जोडी म्हणून दोन्ही बाजू पुन्हा एकमेकींशी जुळत नाहीत.

कानाने परीक्षा

हातांची तपासणी झाल्यावर तंबोऱ्याचे स्वच्छ ध्वनिमुद्रण लावावे. मिरज परिसरातल्या वाचकांना इथे मोठी सोय आहे: तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या दुकानांत बसून खरा तंबोरा आधी दहा मिनिटे ऐकता येतो, आणि तो कानात ताजा असताना स्पीकर ऐकला तर फसगत होण्याची शक्यता फार कमी राहते. नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो. तो खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा, म्हणजे काळी एकला ३४५ हर्ट्झच्या आसपास, आणि तो वूफरच्या हद्दीत येतो. हा गांधार ऐकू येत नसेल तर वूफरचा मधला भाग मंद आहे. जवारीचा, म्हणजे घोडीवर तार झणझणण्याचा, झणत्कार मात्र पुष्कळ वर, कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरतो आणि तो वूफरकडून ट्वीटरकडे जाताना दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा सांधा ओलांडतो. चांगल्या जोडीत जवारी भोपळ्यातूनच निघाल्यासारखी वाटते. ती वेगळी सुटून वर तरंगत असेल, किंवा एका बाजूला तेज आणि दुसऱ्या बाजूला मलूल असेल, तर क्रॉसओव्हरचे कंडेन्सर वाळले आहेत असे समजावे.

मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या ७८च्या तबकड्या किंवा त्यांवरून केलेली मुद्रणे ज्यांना प्रामुख्याने ऐकायची आहेत, त्यांनी चमकदार ट्वीटरचा आग्रह धरू नये. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या काळच्या तबकड्यांत वरचे स्वर फारसे उतरतच नसत, त्यामुळे तेज ट्वीटर गाण्याऐवजी तबकडीची खरखर पुढे आणतो. अशा ऐकण्यासाठी मऊ कागदी कोनचा, मधल्या स्वरांत भरीव असलेला स्पीकर मला नेहमीच अधिक सच्चा वाटला आहे.

कंडेन्सर बदलणे हे फार मोठे काम नाही, पण ते दोन्ही पेट्यांत एकदम करावे. त्या जागी ध्रुव नसलेलाच कंडेन्सर लागतो. रेडिओ दुरुस्तीत वापरला जाणारा साधा इलेक्ट्रोलिटिक तिथे घालू देऊ नये. फिल्मचा नवा कंडेन्सर घातला तर त्याचा अंतर्गत विरोध जुन्यापेक्षा कमी असल्यामुळे ट्वीटर किंचित मोठा वाजू शकतो; तसे झाल्यास त्याच्या मालिकेत अर्धा ओहमभर रेझिस्टर घालावा. एआरच्या जुन्या स्पीकरमागच्या फिरत्या बटणांना आतून गंज धरतो आणि ट्वीटर मेल्यासारखा वाटतो. बटण अनेकदा मागेपुढे फिरवल्यावर आवाज परत आला तर ट्वीटर ठीक आहे.

आता नाव

इतके झाल्यावर नावाकडे वळायला हरकत नाही. बंद पेटीचा एआर घ्यायचा तर चार ओहम सोसणारा, दमदार ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर हवा. १९७० साली आलेला जेबीएलचा एल१०० आठ ओहमचा असून त्या काळच्या जपानी रिसीव्हरशी सहज जमतो, मात्र त्याला मोठी खोली लागते. भारतात बनलेल्या फिलिप्स, सोनोडाइन आणि कॉस्मिकच्या जोड्यांना कमी लेखू नये. त्या आपल्या भागात मिळतात, प्रत्यक्ष ऐकून घेता येतात आणि देशी अ‍ॅम्प्लिफायरशी त्यांचे जमते. दोनशे किलोमीटरवरून कुरियरने येणाऱ्या, न ऐकलेल्या प्रसिद्ध जोडीपेक्षा सांगलीतल्या एखाद्या घरात वरच्या मजल्यावर कोरडी राहिलेली साधी जोडी मी केव्हाही आधी निवडेन.

जोडणी करण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजावे. आवाज शून्यावर असताना ते ५० मिलिव्होल्टच्या आत असावे. त्याहून बरेच अधिक असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आधी दुरुस्त करावा, कारण तोच डीसी वूफरची कॉइल जाळतो. तारेसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुपदरी वायर पंधरा-वीस फुटांपर्यंत पुरेशी आहे. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असे स्टँड घ्यावेत. शेवटी मोनोचे बटण दाबून एकट्या गायकाचे ध्वनिमुद्रण लावावे. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तो बाजूंना फाकला आणि खर्ज पातळ झाला, तर एकाच स्पीकरच्या तारा उलट करून पुन्हा ऐकावे, आणि ज्या जोडणीत गळा मध्यभागी येऊन भरीव होतो ती कायम ठेवून दोन्ही टोकांना रंगाची खूण करून ठेवावी.